सोलापुरात राहून शेअर बाजारावर संशोधन करणारं प्राध्यापक होता येतं का?

सोलापुरातल्याच एका मुलीचा प्रश्न आहे. ती लिहिते: “मी एम.कॉम. केलंय, नेट पास आहे, सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. शेअर बाजारावर पीएच.डी. करून प्राध्यापक व्हायचं मनात आहे. घरचे म्हणतात, पुण्याला जाऊन कंपनीत नोकरी धर. मार्केटचा अभ्यास करणारे प्राध्यापक नेमकं काय करतात? विषय कसा निवडायचा? सोलापुरात राहून हे जमेल का? आणि सगळे विचारतात, मार्केट कळतं तर स्वतःच पैसे का कमवत नाहीस, त्यांना काय सांगू?”

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो तुम्हाला जन्मभर विचारला जाणार आहे. मी सत्तावीस वर्षं सोलापुरात वित्त हा विषय शिकवतोय. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस ओळख झाली की दुसऱ्या मिनिटाला विचारतो, “सर, कोणता शेअर घेऊ?” मी सांगतो की उद्या कोणता शेअर वाढेल हे मला सांगता येत नाही. लोकांना तो विनय वाटतो. पण आमच्या विषयाने गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे थोडंफार पक्कं शोधलं, त्यातलंच हे एक आहे.

ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची ६६,४६५ कुटुंबांची १९९१ ते १९९६ या काळातली खाती तपासली आणि २००० साली निष्कर्ष छापले. बाजाराने त्या काळात वर्षाला सरासरी १७.९ टक्के दिले, पण सर्वांत जास्त खरेदी-विक्री करणाऱ्या कुटुंबांच्या हाती पडले ११.४ टक्के. आपल्याकडे सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास तर प्रत्येक वर्गात वाचून दाखवावा असा आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे (पुढच्या तारखेचा सौदा आजच ठरवणं) आणि ऑप्शन (ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) यांत उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर.

मला हा आकडा नुसता आकडा म्हणून वाचता येत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा, वडील यंत्रमागावर, दुसऱ्या वर्षाच्या फीचे पैसे साप्ताहिक ऑप्शनमध्ये घालवून बसला आणि तीन महिने घरी काही बोलला नाही. त्याला निफ्टी म्हणजे काय हे आम्ही शिकवलं होतं. ऑप्शन विकत घेणाऱ्याच्या हातातून रोज वेळेची किंमत कशी गळते, हे त्याला समजेल असं शिकवलं नव्हतं. तेव्हापासून पहिल्या सत्रातच मी हे घेतो, अभ्यासक्रमात असो वा नसो.

मग कोणी तुम्हाला विचारलं, की सांगा: बाजारात भाव कसे ठरतात, कोण कमावतं, कोण गमावतं आणि का, हे शोधणं हे माझं काम आहे. टिप देणं हे वेगळं काम आहे आणि त्यासाठी सेबीची नोंदणी लागते. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने शिकवणाऱ्यांसाठीही रेघ आखली: शिक्षणाच्या नावाखाली बोलताना गेल्या तीन महिन्यांतल्या भावांचा वापर करू नये. प्राध्यापकाने ही रेघ मनापासून पाळावी असं माझं मत आहे. विद्यार्थी तुमच्या शब्दावर आईचे दागिने गहाण ठेवू शकतो.

आता प्राध्यापक करतो काय. सोमवार ते शनिवार मुख्यतः शिकवतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन आहे, शिवाय पेपर तपासणं, परीक्षा, महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठीची नॅकची कागदपत्रं. संशोधनाला उरतात रात्री आणि सुट्ट्या. त्या रात्री कशात जातात ते एका जुन्या उदाहरणावरून सांगतो.

कंपनीने शेअरचं विभाजन केलं, शंभराचा एक शेअर पन्नासाचे दोन झाले, तर भागधारक श्रीमंत होतो का? ब्रोकर म्हणायचे, होतो. १९६९ साली फामा, फिशर, जेन्सन आणि रोल या चौघांनी न्यूयॉर्कच्या बाजारातली १९२७ ते १९५९ मधली ९४० विभाजनं घेतली. प्रत्येक घटनेच्या आधीचे आणि नंतरचे महिने एकावर एक रचले. त्या शेअरचा परतावा बाजाराच्या चालीवरून किती अपेक्षित होता ते काढलं, प्रत्यक्ष परताव्यातून ते वजा केलं, आणि उरलेल्याची सरासरी काढत गेले. दिसलं असं की वाढ विभाजनाच्या आधीच होऊन गेलेली असते. नंतर सरासरी जवळजवळ सपाट. चांगली बातमी भावात आधीच मुरलेली होती. या पद्धतीला आपण इव्हेंट स्टडी म्हणतो. आजही बोनस, विलीनीकरण, अर्थसंकल्प, रेपो दर यांतल्या कशाचाही परिणाम मोजायचा तर सुरुवात तिथूनच होते.

आणि हा विषय मिटलेला नाही, म्हणून तो मला अजून ओढतो. युजीन फामा म्हणतात, उपलब्ध माहिती भावात उतरलेली असते. रॉबर्ट शिलर यांनी १९८१ साली दाखवलं की शेअरचे भाव लाभांशातल्या बदलांनी समजावता येईल त्यापेक्षा कितीतरी जास्त हेलकावे खातात. २०१३ चं नोबेल या दोघांना लार्स हॅन्सन यांच्यासोबत एकत्र दिलं गेलं. परस्परविरोधी बोलणारी दोन माणसं एकाच मंचावर, कारण दोघांनीही चूक ठरू शकेल असं विधान केलं आणि ते आकड्यांवर घासून बघायची रीत दिली.

चूक ठरू शकेल असं विधान. तुमच्या विषयनिवडीची किल्ली मला यात दिसते. ‘सोलापूर शहरातील पगारदार गुंतवणूकदारांच्या जागरूकतेचा अभ्यास’ या धर्तीचे प्रबंध मी परीक्षक म्हणून इतके वाचलेत की शहराचं नाव झाकलं तर एकमेकांपासून वेगळे ओळखू येणार नाहीत. चारशे प्रश्नावल्या, ओळखीच्या लोकांकडून भरून घेतलेल्या, टक्केवारीची कोष्टकं, एक काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय चाचणी, आणि शेवटी शिफारस की जागरूकता वाढवावी. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण शितं सगळ्या भांड्यातून घ्यावी लागतात. आपल्याच महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांच्या चारशे उत्तरांवरून शहराबद्दल काही सांगता येत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे असा प्रबंध चूक ठरूच शकत नाही. काहीही उत्तर आलं तरी निष्कर्ष तोच राहतो. मुलीच्या आयुष्यातली चार-पाच वर्षं यात जाताना पाहून मला फार वाईट वाटतं. तुम्ही यात पडू नका.

सोलापूरला काय आहे ते बघा. डिसेंबर-जानेवारीत बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या शेकडो गाड्या उभ्या असतात. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि शुल्क ठेवून. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. चार तारखा, चार घटना, आणि रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर सरकारच्या अॅगमार्कनेट या संकेतस्थळावर फुकट. फामा आणि मंडळींची पद्धत इथे लावून बघा. सोलापूरचा दर बंदीच्या दिवशी पडला की आधीच घसरू लागला होता? आधीच घसरला असेल तर बातमी कोणाला कळली होती? लासलगावला त्याच दिवशी पडला आणि इथे दोन दिवसांनी, असं झालं का? बंदी उठल्यावर दर तितक्याच वेगाने चढला का, की पडताना एका दिवसात आणि चढताना महिन्याने? ज्या शेतकऱ्याने त्या आठवड्यात गाडी भरली होती, त्याच्यासाठी हा प्रश्न सैद्धांतिक नव्हता.

हे दिसतं तितकं सोपं नाही, आणि जिथे अवघड आहे तिथेच तुमचा पेपर आहे. डिसेंबरात लाल कांद्याची आवक तशीही वाढते, त्यामुळे बंदी नसती तरी दर उतरला असता. किती उतरला असता, हे मागच्या वर्षांच्या डिसेंबरवरून काढावं लागेल. सोलापुरात एकाच दिवशी कमाल दर किमान दराच्या कित्येक पट असतो, म्हणजे सर्वसाधारण दरात चांगला कांदा आणि भिजलेला कांदा मिसळलेला असतो. एखाद्या दिवशी नुसती प्रत बदलली तरी ‘भाव पडला’ असं दिसेल. निर्णयानंतर नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते. लिलावच नाही तर त्या दिवशी दर नाही. त्या रिकाम्या जागेत आदल्या दिवसाचा दर भरलात तर बाजार शांत होता असा खोटा निष्कर्ष निघेल. मुंबईत किंवा शिकागोत बसलेल्याला हे कोष्टक बघून कळणार नाही. तुम्ही सकाळी आवारात जाऊन आडत्याला विचारू शकता.

तुम्ही म्हणाल, हा शेअर बाजार कुठे आहे? नाही, पण भाव माहितीला कसा प्रतिसाद देतो हा प्रश्न तोच आहे, आणि हत्यारंही तीच. वायदे बाजारच हवा असेल तर डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने हरभरा, सोयाबीन, गहू यांच्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले. हरभऱ्याच्या नव्या सौद्यांना तर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून बंदी होती. वायदे गेल्यावर बार्शी, लातूर, अकोला या बाजारांतल्या हरभऱ्याच्या दरांतलं अंतर वाढलं का? वायदा बाजार भाव शोधायला मदत करतो असं आम्ही वर्गात शिकवतो. इथे ते तपासायची संधी समोर आली आहे.

आता डेटाबद्दल, कारण करिअर इथेच घडतं किंवा बिघडतं. मी १९९८ साली पीएच.डी.ला नोंदणी केली तेव्हा सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ नव्हतं, ते २००४ साली झालं. आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेले. मी वाचनालयात बसून वर्तमानपत्रांतले बंद भाव वहीत उतरवले, तीस कंपन्यांचे, रोजचे. अर्थसंकल्पाचा परिणाम मोजत होतो. एका कंपनीत एका दिवसात जवळपास पन्नास टक्क्यांची घसरण निघाली आणि मी तीन आठवडे त्याची कारणं लिहीत होतो. नवी पेठेतल्या एका सब-ब्रोकरला ते कोष्टक दाखवलं. त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, “सर, हा पडला नाही. एक्स-बोनस झालाय.” एकास एक बोनस दिल्यावर भाव अर्धा होणारच होता. मी पूर्ण प्रकरण फाडून पुन्हा लिहिलं.

आज तुम्हाला एनएसई या शेअर बाजाराची रोजची भावकॉपी, म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या भावांची फाइल, फुकट मिळते, पण तीच चूक तिथेही तुमची वाट बघत असते. कच्च्या भावकॉपीत बोनस आणि विभाजनाचा हिशेब घेतलेला नसतो, तो तुम्हाला घ्यावा लागतो. कंपनीचं नाव बदललं की चिन्ह बदलतं आणि मालिका मध्येच तुटते. त्याहून घातक चूक म्हणजे आजच्या निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांची यादी घेऊन मागची वीस वर्षं तपासणं. सत्यम २००९ च्या जानेवारीत निफ्टीबाहेर गेली, ती तुमच्या यादीत नसेलच. सोलापूरच्या माणसाला हे पटकन कळायला हवं: आज चालू असलेले कारखाने तेवढे मोजून कोणी इथल्या कापड धंद्याचा इतिहास लिहिला, तर जुनी मिल नाही, लक्ष्मी-विष्णू नाही, नरसिंग गिरजी नाही. त्या इतिहासात कोणी बुडालंच नाही असं वाटेल.

सीएमआयईचा प्रोवेस हा कंपन्यांच्या आकडेवारीचा डेटाबेस उत्तम पण महाग आहे, लहान महाविद्यालयाला परवडत नाही. ज्या विद्यापीठाकडे तो आहे तिथे आठ दिवस जाऊन बसता येतं का ते विचारा, बहुतेक ठिकाणी ग्रंथपाल मदत करतात. आयआयएम अहमदाबादने भारतीय बाजारासाठी फामा-फ्रेंच आणि मोमेंटम घटकांचे (शेअरचा परतावा कशामुळे कमी-जास्त होतो ते मोजायच्या मापांचे) आकडे सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. माझ्या उमेदीत ते असते तर माझं एक वर्ष वाचलं असतं. आर आणि पायथन या आकडेमोडीच्या संगणकीय भाषा फुकट आहेत. यातलं एक तरी नीट शिका. नुसत्या एक्सेलवर पाच वर्षं काढू नका, कारण एक्सेलमध्ये केलेली चूक कोणत्या खान्यात आहे ते सहा महिन्यांनी तुम्हालाही सापडत नाही.

आकड्यांना फार पिळू नका. हार्वे, लिऊ आणि झू यांनी २०१६ साली मोजलं तेव्हा शेअरचा परतावा समजावून सांगणारे ३१६ घटक संशोधकांनी ‘शोधून’ झाले होते. इतके प्रयोग झाल्यावर काही निव्वळ योगायोगाने खरे दिसणारच, म्हणून टी-मूल्याची (निष्कर्ष योगायोगाचा नाही हे तपासायच्या मापाची) दोनची जुनी पायरी पुरेशी नाही, तीनच्या वर मागा, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी मॅक्लीन आणि पॉन्टिफ यांनी परताव्याचं भाकीत करणारी ९७ सूत्रं तपासली: मूळ अभ्यासाच्या काळाबाहेर परतावा २६ टक्क्यांनी कमी, आणि पेपर छापून आल्यानंतर ५८ टक्क्यांनी. पैसे का कमवत नाहीस, याचं आणखी एक उत्तर इथे मिळतं.

नोकरीचं व्यावहारिक बोलू. तासिका तत्त्वावर घर चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सुट्टीत मानधन नाही आणि पुढच्या जूनला पुन्हा बोलावतील याची खात्री नाही. मी स्वतः सुरुवातीची चार वर्षं असा होतो, आणि एका संस्थेत आठ महिन्यांचं मानधन एकदम मिळालं होतं, तेही खूप फेऱ्या मारल्यावर. कायम जागेवर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पण जागा निघेपर्यंत किती वर्षं जातील ते कोणीच सांगू शकत नाही. म्हणून घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांच्याशी मुदत ठरवून बोला.

नियमानुसार १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक, पण सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. लागतेच. २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते. ही गोष्ट पुष्कळ मुलींना कोणी सांगतच नाही. नेटमध्ये जेआरएफ असेल तर महिना ३७,००० रुपये फेलोशिप मिळते. तुम्ही नुसतं ‘नेट पास’ लिहिलंय, म्हणजे बहुधा जेआरएफ नाही. वय बसत असेल तर त्यासाठी पुन्हा परीक्षा द्या, एक वर्ष गेलं तरी चालेल. फेलोशिप असलेला विद्यार्थी गाईडपुढे ताठ उभा राहू शकतो.

वय आणि घर परवानगी देत असेल तर आयआयएमचा पूर्णवेळ पीएच.डी. किंवा मुंबईत गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा कार्यक्रम यांसाठीही अर्ज करा. विद्यावेतन मिळतं आणि सुरुवातीला अर्थमितीचं, म्हणजे आर्थिक आकड्यांच्या संख्याशास्त्राचं, कडक कोर्सवर्क होतं, जे आपल्या एम.कॉम.मध्ये जवळपास नसतं. प्रवेश झाला तर जा. सोलापूरचा कांदा तिथून पळून जाणार नाही. नाही झाला तर इथे राहूनही चांगलं काम होतं, फक्त ते गणित स्वतः शिकायची जबाबदारी तुमच्यावर येते. स्वयम आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर अर्थमितीचे अभ्यासक्रम आहेत. मग वर्षातून दोन तरी परिसंवादांत पेपर वाचा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी मुंबई, मी वर्षानुवर्षं तसंच केलं. एकट्याने काम करणाऱ्याला सगळ्यांत जास्त गरज असते ती आपली चूक दाखवणाऱ्या माणसाची.

व्हॉट्सअॅपवर ‘चोवीस तासांत प्रकाशन, आयएसएसएन, प्रमाणपत्रासह’ असे निरोप येतील. एकालाही उत्तर देऊ नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखायचं काम आता तुमचं आणि तुमच्या गाईडचं. २०२२ पासून प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्तीही उरलेली नाही, तेव्हा घाईचं कारण नाही. खऱ्या नियतकालिकाकडून उत्तर यायला सहा महिने, वर्षही जातं, आणि बहुतेक वेळा ते नकाराचं असतं. जॉर्ज अॅकरलॉफ यांचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा पेपर तीन नियतकालिकांनी परत पाठवला, चौथ्याने १९७० साली छापला. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं, त्यामागे मुख्यतः तोच पेपर होता. नकारासोबत परीक्षकांच्या टिपा आल्या तर त्या दोन दिवस बाजूला ठेवा आणि मग ओळ न ओळ वाचा.

गाईड निवडताना नावापेक्षा एक गोष्ट बघा: त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर उघडून वाचा. दोन प्रबंधांत तेच कोष्टक, तीच वाक्यरचना दिसली तर दुसरीकडे जा. आणि भेटायला रिकाम्या हाताने जाऊ नका. अॅगमार्कनेटवरून नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ चे सोलापूर आणि लासलगावचे कांद्याचे रोजचे दर उतरवून घ्या, लिलाव बंद असलेले दिवस रिकामे ठेवा, दोन्हींचा एकाच कागदावर आलेख काढा आणि ८ डिसेंबरला उभी रेघ मारा. शेजारी आधीच्या तीन वर्षांचे तेच महिने. तो कागद घेऊन आधी बाजार समितीत एखाद्या जुन्या आडत्याकडे जा, त्याला विचारा यात काय चुकलंय, आणि मग गाईडकडे.